कापलेला कोपरा

नोकरीसाठी पहिल्यांदा गाव सोडलं, तेव्हा शिराळ्याच्या स्टँडवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लगेच एसटीत चढू दिलं नाही. आधी गाडीभोवती फेरी मारली, एकेका टायरवर बुटाची टाच आपटून पाहिली. लष्करात ट्रक चालवलेला माणूस. "बघितल्याबिगर बसू नगंस," एवढंच म्हणाले. कंडक्टर हसला. मला लाज वाटली.

आता पुण्यात मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. अवजड गाड्या मी कॉम्प्युटरवर उलटवतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरची पोलादी चौकट चेपली, तरी आत माणसापुरती जागा उरते का, ते बघतो.

धाकटा भाऊ तानाजी कुपवाडला फॅब्रिकेशन करतो. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी त्यानं चौकटीचं ड्रॉइंग मागितलं. मी चोरून कंपनीचंच पाठवलं. नाव दिसू नये म्हणून खालचा कोपरा कापला.

दिवाळीला गेलो, तर त्याच्या ट्रॅक्टरवर ती चौकट, पिवळीधमक. पाइप हलका वाटला. ठोकून पाहिला.

"दादा, कलिंगड हाय व्हय ते?"

"पाइप कुठला घातलास?"

"दुकानात मिळतोय त्यो. समद्यास्नी त्योच. का रं, भावानं फसवलं वाटतंय?"

वाटत होतं. पैसे वाचवले असणार, असं मनात धरूनच मी लॅपटॉपवर मूळ ड्रॉइंग उघडलं. पोलादाची प्रत आणि पाइपची जाडी खालच्या कोपऱ्यात लिहिली होती. मी कापलेल्या त्याच कोपऱ्यात.

त्याचा पाइप घालून ट्रॅक्टर उलटवून पाहिला. दुपारभर गणित चाललं. शेवटी चौकट सीटवर येऊन बसली.

तानाजी पडद्याकडे बघत राहिला. "लोकं आता बांधावनं बी गाडी घालत्यात, दादा. म्हणत्यात, तुझ्या भावाचं ड्रॉइंग हाय, भ्या न्हाई."

ज्यांनी आमच्या चौकटी घेतल्या, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्या चौकटींवर विसंबू नका. कुपवाडला आणा, बदलून देतो. तानाजीनं तुम्हाला फसवलेलं नाही. कंपनीलाही मी सांगितलंय, तिथं काय व्हायचं ते होईल. आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, घरी काही पाठवताना स्वतःला वाचवायला आपण काय कापलं, ते एकदा तपासा.

आप्पा आता नाहीत. परवा निघालो तेव्हा तानाजी स्टँडवर आला होता. त्यानं एसटीच्या टायरवर टाच आपटली आणि मग तितक्याच बारकाईनं माझ्याकडे पाहिलं. घर म्हटलं की आता मला ती नजर आठवते. पुढच्या रविवारी तिच्यासमोर उभं राहायचंय, सोबत योग्य पाइप घेऊन.