तीन जास्तीच्या पोथ्या

काका आकडा वाचत नसत, मोजत. संगणकावर यादी उघडली की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागे, जपाला बसल्यासारखा. एकदा मी म्हटलं, "काका, एकूण आकडा वर लिहिलेलाच असतो."

"लिहिणारी मशीनच ना? मग मोजायला दुसरा हवा."

काका इथल्या मराठी वस्तीत, दुर्गाघाटावर राहत. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर ते आमच्या ग्रंथालयात हस्तलिखितांची यादी तपासायला येत, बिनपगारी. फरक त्यांनीच पकडला. यादीच्या माथ्यावर पोथ्या ३१५, खाली ओळी ३१२. कपाटातही ३१२.

त्यांनी हे व्यवस्थापकांना सांगितलं आणि पुढे कायम पस्तावले. व्यवस्थापकांनी चूक संगणकाची मानली नाही. तीन पोथ्या गेल्या असं मानलं. काकांनी दाखवलं की ओळीही ३१२च आहेत. "तो एंट्री भी उड़ा दी होगी," व्यवस्थापक म्हणाले. कपाटाची किल्ली लल्लनकडे असे. पोथ्यांना लाल वेष्टनं बांधण्याचं काम तो वीस वर्षं करत होता. त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि त्याला फाटकावर बसवलं. लेखी काही दिलं नाही.

काकांनी सॉफ्टवेअर कंपनीकडे तक्रार नोंदवली. उत्तर आलं, आमच्याकडे आकडा बरोबर येतो, तक्रार बंद. दुसऱ्या तक्रारीला उत्तर: नवी आवृत्ती टाका. टाकली, ३१५. तिसऱ्या वेळी कंपनीने स्क्रीनचा फोटो मागवला आणि फोटोत सगळ्या ओळी दिसत नाहीत म्हणून तीही बंद केली. काका प्रत्येक तक्रार आधी मराठीत लिहीत, मग इंग्रजीत. "राग मराठीतच ठेवून द्यायचा," ते म्हणत. मराठी मसुदे छापण्याजोगे नसत.

रोज सकाळी फाटकावर लल्लन विचारे, "का बाबूजी, मिलल पोथी?"

"पोथी नहीं, गलती ढूँढ रहा हूँ."

"त जल्दी ढूँढ़ीं."

"पाच ओळींत चूक दाखवता येत नसेल, तर ती आपल्यालाच समजलेली नाही," असं काका म्हणत. त्यांनी फक्त पाच पोथ्यांची वेगळी यादी केली. त्यातली एक पोथी ज्योतिष आणि धर्मशास्त्र अशा दोन्ही विषयांखाली नोंदवली. ओळी पाच आल्या, एकूण आकडा सहा. आमच्या तीन पोथ्यांनाही दोन-दोन विषय होते. यादीत त्या एकदा येत, मोजताना दोनदा. कंपनीने तपासायला घेतलेल्या प्रत्येक पोथीला एकच विषय होता. ही पाच ओळींची तक्रार मात्र बंद झाली नाही. काही आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात दोनच शब्द होते: किरकोळ सुधारणा.

आकडा ३१२ झाला. काका छापील यादी घेऊन व्यवस्थापकांकडे गेले. लल्लनला किल्ली परत द्या, आणि तो निर्दोष असल्याचं पत्र द्या, म्हणाले.

"किल्ली अब दूसरे के पास है. और पंडितजी, जब आरोप लगाया ही नहीं, तो निर्दोष किस बात का लिखें?"

काका माझ्या टेबलाशी येऊन बसले. या वेळी मराठी मसुदा केला नाही. सरळ हिंदीत अर्धं पान लिहिलं: त्या तीन पोथ्या कधीच नव्हत्या; कपाटातल्या सगळ्या मी स्वतः मोजल्या आहेत. खाली सही केली आणि कागद फाटकावर नेऊन दिला. मी मागोमाग गेलो होतो.

लल्लनने तो दोनदा वाचला. मग उलटून पाहिला.

"एमें मोहर ना हौ, बाबूजी?"

काकांनी नकारार्थी मान हलवली; शिक्का व्यवस्थापकांकडे असे. लल्लनने कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि त्यांच्यासाठी फाटक उघडलं. त्यानंतर काका ग्रंथालयात आले नाहीत.