चाफले मॅडम आणि काचेतली पेटी

चाफले मॅडमची आणि माझी ओळख एका 'कृपया'वरून झाली. वर्ध्याच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी भाषेचा मास्तर. म्हणजे भावी अभियंत्यांना अर्ज लिहायला शिकवायचं आणि पाहुणे आले की सूत्रसंचालन करायचं. प्रा. विमल चाफले संगणक विभागात. एके दिवशी त्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, एका मशीनले बोलाले शिकवाचं हाय. वाक्यं लिहून देता का?"

मशीन होतं समुद्रपूरकडच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयासाठी. तिथे रुग्णांचे नंबर भिंतीवरच्या पडद्यावर झळकत. ज्याला ते वाचता आले असते तो माणूस मुळात तिथे आलाच नसता, ही साधी गोष्ट तोवर एकट्या मॅडमच्या लक्षात आली होती.

मी हौसेने लिहून दिलं: "कृपया, आपला क्रमांक आलेला असून आपण तपासणी कक्षात प्रवेश करावा." मॅडमनी कागदाची घडी केली, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि नालवाडीतल्या एका आटाचक्कीत नेलं.

चक्कीचे मालक नत्थूभाऊ. त्यांनी दारातच विचारलं, "म्याडम, आज दळन आनलं का कंप्युटर?"

"आज सर आनले," मॅडम म्हणाल्या.

"बारीक काढू का जाडं?"

"बारीकच काढा."

ही चक्की म्हणजे मॅडमची प्रयोगशाळा. कॉलेजातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत सगळीच यंत्रं शहाणी असतात. चक्कीत पट्ट्याच्या आवाजात यंत्राला ऐकू येत नाही, हवेतल्या पिठाने पडदा दिसत नाही आणि बोटांना पीठ असलं की पडद्याला बोट कळत नाही. "इथं जे पास झालं ते कुठंबी चालन," असं त्या विद्यार्थ्यांना सांगत आणि त्यांच्या महागड्या प्रकल्पांना नत्थूभाऊंच्या ज्वारीशेजारी रांगेत उभं करत.

मला माझं वाक्य चक्की चालू असताना म्हणायला लावलं. दळणासाठी थांबलेल्या बायांपैकी एकीने कानाला हात लावला. "निस्तं 'करावा' आयकू आलं. काय करावा म्हन्ते थो?"

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, हे कृपया काऊन?"

"आदर म्हणून," मी म्हणालो.

"इकडं आदर पुढं नाई लागत जी. मांगं लागते."

माझं वाक्य दळून दळून शेवटी एवढंच उरलं: "चला जी, नंबर आला." माझ्या लेखनाचं इतकं नेमकं संपादन त्यानंतर कोणी केलेलं नाही. प्रस्तुत गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने तरी करू नये, ही विनंती.

त्या मंडळाने कळवलं आहे की लेखात वाद नको, आठवणी असाव्यात. माझ्याकडे ज्या आठवणी आहेत त्याच देतो. मॅडमच्या साठीचा आणि सेवानिवृत्तीचा हा समारंभ ठरला, तेव्हाच संस्थेने आणखी एक गोष्ट ठरवली: ते यंत्र रुग्णालयातून काढून आणायचं, महाविद्यालयाच्या नव्या दालनात काचेच्या कपाटात ठेवायचं आणि त्याला मॅडमचं नाव द्यायचं. मॅडमना नाव नको होतं. यंत्र आहे तिथून हलू नये, एवढंच त्यांना या सत्काराकडून हवं होतं.

हे यंत्र करतं काय, हे या ग्रंथात इतरत्र अनेकांनी लिहिलं असेलच. यंत्र न पाहता लिहिणं जास्त सोपं जातं. म्हणून थोडक्यात सांगतो. नंबर आला की ते बोलतं, मोठा पिवळा दिवा लावतं आणि रुग्णाच्या बाकाला बसवलेली पट्टी त्याच्या तळहाताखाली थरथरते. ज्याला दिसत नाही तो ऐकतो, ज्याला ऐकू येत नाही तो पाहतो, आणि ज्याला दोन्ही नाही त्याचा हात तर आहेच. मॅडम आंजी गावच्या, घरची भाजीपाल्याची वाडी. वर्गातही त्या वाडीवरचंच उदाहरण देत. "बाजारात बाई वांगं पायते, दाबते, वास घेते, मंग भाव करते. अन् कंप्युटरसमोर बसली का निस्ते डोळे फोडाचे, हे कोनी ठरवलं?" परदेशी पुस्तकांत या विषयावर जाडजूड प्रकरणं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना वांगं लक्षात राहिलं आणि नोकरीच्या मुलाखतीत तेच कामाला आलं.

संस्थेच्या माहितीपत्रकानुसार हे यंत्र व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीतून जन्मलं. नेत्रवैद्यकात जवळचं न दिसण्याच्या दोषाला जवळपास असंच नाव आहे. पत्रकावरच्या फोटोत आमचे संचालक पट्टीवर पंजा ठेवून हसताहेत. पट्टीची तार जोडलेली नव्हती. तशीही त्यांना काही जाणवण्याची अपेक्षा नव्हती.

यंत्राचं बोलणं मात्र संचालकांना खटकत होतं. "पाहुणे येतात, आणि हे काय, जी-जी?" त्यांनी बाहेरून तयार, प्रश्नांना उत्तरंही देणारा आवाज विकत घेतला. शुद्ध, गोड, वातानुकूलित. यंत्राला 'दृष्टिमित्र' असं नावही दिलं. मॅडमनी लेखी हरकत घेतली. उत्तरादाखल त्यांना त्या कामातून मोकळं करण्यात आलं आणि आभारपत्र मिळालं.

नवा आवाज रुग्णालयात बसला, तेव्हा मी सूत्रसंचालक म्हणून हजर होतो. पाहुणे गेले आणि बाकावरच्या एका म्हातारीने यंत्राला विचारलं, "काऊन उशीर होऊन राह्यला बाप्पा?" यंत्राला 'काऊन' म्हणजे 'का' हे कळलं नाही. त्याला ते हिंदीतलं 'कौन' वाटलं. ते म्हणालं, "मी दृष्टिमित्र. आपल्या सेवेस सादर आहे."

"थे नाई इचारलं. काऊन?"

"मी दृष्टिमित्र. आपल्या सेवेस सादर आहे."

म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हे तं पाटलाच्या जवायासारखं हाय. कायी इचारा, आपलं नावच सांगते."

मी हसलो, पण परतीच्या बसमध्ये हसू टिकलं नाही. आमच्या संस्थेतही इतकी वर्षं हेच चाललं आहे. वरच्या खुर्चीला 'का' असं विचारलं की ती स्वतःचं पद सांगते. मॅडम तेवढ्या 'काऊन'ला कारण देत. परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही देत, आणि ते कारण त्याला पटेपर्यंत त्याला सोडत नसत.

पुढे रुग्णालयातल्या सिस्टरबाईंचा फोन आला, "म्याडम, मशीनचं जुनं तोंड आनून द्या." कामातून मोकळ्या केलेल्या मॅडम पदरचं तिकीट काढून एस.टी.ने गेल्या आणि जुना आवाज बसवून आल्या. संस्थेला याचा पत्ता लागला नाही, कारण पाहुणे नसताना तिकडे कोणी जात नव्हतं.

एक घरचीही आठवण सांगतो. माझ्या वडिलांना ऐकू येईनासं झालं होतं. दारावरची थाप कळत नसे, आणि लोक आपल्याला टाळतात असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. मॅडमनी घरी येऊन बेलची तार अशी जोडली की कोणी बटण दाबलं की त्यांच्या खाटेची फळी हलायची आणि दिवा लुकलुकायचा. नंतर त्या जाता-येता बेल दाबू लागल्या. बाबा दार उघडून विचारत, "काय काम काढलं, बाई?" मॅडम हातवारे करून, मोठ्याने सांगत, "काम काई नाई जी, बेल वाजते का पाहाले आलती." बाबांना काय ऐकू आलं असेल कोण जाणे, पण त्या दिवसापासून ते घरातही धुतलेला सदरा घालून बसू लागले. संस्थेतले लोक आमच्याकडे एकदाच आले, बाबा गेल्यावर, हार घेऊन.

आता सत्काराच्या बैठकीकडे येतो. संचालकांनी कपाटाचं चित्र दाखवलं. मॅडमनी विचारलं, "मंग दवाखान्यात काय राह्यते?"

"तिथे आपण एक पाटी लावू."

"डोळ्याच्या दवाखान्यात पाटी," मॅडम म्हणाल्या. कोणी हसलं नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, त्या काचेत मलेच बसवा. मी तशीबी रिटायर होऊन राह्यली. मशीनले अजून काम हाय."

संचालकांनी संयम दाखवला. मोठ्या लोकांना संयम दाखवायला फार आवडतं. ते म्हणाले, "मॅडम, हा तुमचाच गौरव आहे."

"काचेतून त्याचं बोलनं आयकू येनार नाई. हात लावता येनार नाई. मंग तिथं ते चालू ठेवाचं का बंद?"

"चालू कशाला? पेटी दिसली म्हणजे झालं."

"मंग पेटी न्या," मॅडम म्हणाल्या.

संचालकांनी समाधानाने मान डोलावली. इतिवृत्तात नोंद झाली: पेटी आणावी, सर्वानुमते. त्यांना हवं होतं तेच मिळालं होतं, म्हणून फसवणूक कोणाचीच झाली नाही. मॅडमनी आंजीच्या सुताराकडून साधं प्लायवूडचं खोकं करून घेतलं. आम्ही दोघं रुग्णालयात गेलो आणि त्यांनी यंत्राचा सगळा जीव जुन्या पेटीतून त्या खोक्यात हलवला. काम उरकत आलं तेव्हा बाकावरची एक आजी म्हणाली, "नेली वाटते मशीन." तिचं बोलणं संपतं न संपतं तोच तळहाताखालची पट्टी थरथरली आणि ती काठी घेऊन उठली.

समारंभात आपण ज्या पेटीला हार घालणार आहात ती रिकामी आहे. आयोजकांना हे ठाऊक आहे आणि त्यांची काही तक्रार नाही. ज्यांना आतलं पाहायचं असेल त्यांनी समुद्रपूरची गाडी पकडावी. फक्त तिथे शाल चालत नाही, नंबर लावावा लागतो.

मॅडम, आपणांस उदंड आयुष्य लाभो. आपले डोळे, कान आणि हात शेवटपर्यंत शाबूत राहोत. ही शुभेच्छा शिष्टाचाराची नाही. आपली जागा संस्थेने भरलेली नाही, भरणारही नाही. त्या खोक्यातली एखादी तार निसटली, तर ती कुठली हे ओळखणारं दुसरं माणूस या जिल्ह्यात नाही. तेव्हा तब्येतीला जपा जी. बाकावर माणसं बसली आहेत.