घड सडवणारी ताई

द्राक्षं पिकवून पोट भरणारी माणसं पुष्कळ असतात. ताई ती सडवून पोट भरायची. ही थट्टा नाही. गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात तिला त्याच कामाचा पगार मिळायचा. सडक्या घडांवरची करडी बुरशी खरवडायची, पाण्यात कालवायची, छोट्या पंपात भरायची आणि चांगल्या, टपोऱ्या, पाहताक्षणी तोंडात टाकावेत अशा घडांवर फवारायची. वर प्लास्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे आत ओल टिकते. मग काही दिवसांनी पिशव्या सोडून पाहायचं, कुठला वाण आडवा झाला आणि कुठल्याने तग धरला. केंद्रातली माणसं तिला बुरशीताई म्हणायची आणि तीही मुकाट्याने ओ द्यायची.

लग्नाचं राहूनच गेलं होतं. केंद्राजवळ भाड्याची एक खोली होती, पण तिचा जीव तिथे कधी रमला नाही. सुट्टीचा दिवस उजाडला की ती धाकट्या भावाकडे निघायची. भावाची द्राक्षबाग होती, बागेच्या मधोमध घर होतं आणि त्या घरात आई होती. आईचे केस विंचरायचे, नखं कापायची ती ताईनेच. सुनेच्या हातात कात्री दिसली की म्हातारी पाय पोटाशी ओढून घ्यायची. तेवढे चार तास ताई माणसांत असायची.

भावाने नवी बाग लावायचं ठरवलं तेव्हा तिने जेवताना विषय काढला होता.

"अरे, हा वाण नको लावूस. घड गच्च आणि साल पातळ. मणी एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. फुगायला लागले की जागाच उरत नाही, एखादा चेपून फुटतो, रस झिरपतो आणि मग आख्खा घड जातो. आमच्याकडे पहिल्या फटक्यात झोपतो हा."

"तुमच्याकडे तुम्ही सडवता म्हणून सडतो, ताई. माझ्या बागेत कोण सडवायला बसलंय?"

सगळे हसले. आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ताईही हसली, कारण भाऊ बोलायला पहिल्यापासून गमत्या होता. गच्च घड वजनाला भरतो, पेटीत उठून दिसतो, व्यापारी त्याच्यावर उडी मारतो, हे त्याचं म्हणणंही काही खोटं नव्हतं.

घडांत गोडी भरायच्या ऐन दिवसांत पाऊस लागून राहिला आणि बाग सडली. कोरडी वर्षं निभावली, पण पाऊस आला की सडायचीच. दुसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा ताई नेहमीसारखी आली तर भाऊ फाटकातच उभा.

"ताई, राग मानू नकोस. तू तिकडून येतेस. ते कपड्यांना लागतं, केसांत बसतं..."

"अरे, मी अंघोळ करून, कपडे बदलून येते. आणि ही बुरशी आणायला माणूस कशाला लागतं? ती वाऱ्यात असते, वाळक्या पानांत असते. तुझ्या घडांत फुलांचा कचरा अडकलाय ना, त्यातसुद्धा आहे. ती सगळीकडे येते. घड कसा आहे त्यावर पुढचं ठरतं."

"असेल. पण उगाच कशाला विषाची परीक्षा?"

झालं. सख्ख्या बहिणीला फाटक बंद. नोकरी सोडावी तर खायचं काय? मग असं ठरलं की आतल्या बाजूला खुर्ची टाकून आईला बसवायचं आणि ताईने बाहेर दगडावर बसायचं. आईने गजांमधून हात बाहेर काढायचा आणि ताईने नखं कापायची. तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा भेटायला नीट जागा देतात! पण ताई त्या दगडावर येऊन बसायची. तिला आई हवी होती.

दोनदा बुडाल्यावर भावाचा धीर सुटला, पुन्हा तसा पाऊस यायच्या आतच त्याने ती बाग उपटली आणि फोनवर विचारलं, "आता काय लावू?" ताईला आभाळ ठेंगणं झालं. केंद्रात एक वाण होता, महानिगरगट्ट. घड विरळ, मण्यामण्यांतून वारा खेळणारा, साल जाड, वरून मेणाचा थर. ताईने वर्षानुवर्षं त्याच्यावर पंपच्या पंप रिकामे केले, पण पठ्ठ्या दाद देत नव्हता. तो वाण शेतकऱ्यांना द्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. तिने केंद्राच्या साहेबांना सांगून लावणीसाठी काड्या मिळवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. भावाने रबरी हातमोजे चढवून फाटकावरून घेतल्या आणि तिच्यासमोरच औषधाच्या बादलीत बुडवल्या. ताईने तेही गिळलं. ही बाग पावसात उभी राहिली की फाटक उघडेल, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

बाग धरली, आणि पिकायच्या सुमारास पुन्हा तसाच पाऊस आला. आजूबाजूच्या बागांतून आंबूस वास सुटला, माणसं डोक्याला हात लावून बसली. भावाच्या बागेत मात्र घड ठणठणीत. केंद्रात ही बातमी आली आणि ताई हातातलं काम टाकून, अंघोळ करून निघाली. फाटकाशी दोन-चार शेजारी बाग बघायला जमले होते. आई आत खुर्चीवर होतीच.

"बघितलंस?" ताई धापा टाकत म्हणाली. "एक मणी नाही गेला!"

"नाहीच गेला," भाऊ म्हणाला. मग शेजाऱ्यांकडे वळला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "ही माझी ताई. हिचे उपकार मी फेडू शकणार नाही. ही घरात यायची तोवर पाऊस आला की माझी बाग जायची. मग हिने मनावर दगड ठेवला, घरात यायचं सोडलं, आणि आता बघा."

"अरे, तो वाण..." ताई म्हणाली.

"वाण चांगलाच आहे, ताई. पण आधीचाही काही वाईट नव्हता."

ताईने आईकडे पाहिलं. आईने गजांतून हात काढून तिचा गाल कुरवाळला. "गुणाची गं माझी बाई," ती म्हणाली. "अशीच लांब राहा. भावाचं भलं होतंय."

ताईला रडू आलं नाही, संताप आला. पण समोर आई इतक्या मायेने हसत होती की तिने तो हात गालावरून हळूच सोडवून गजांच्या आत ठेवला. ती वळली तेव्हा एक शेजारी मागून आला आणि चार हातांवर थांबून अदबीने म्हणाला, "ताई, त्या वाणाच्या काड्या आम्हालाही मिळतील का? फक्त तुम्ही नका येऊ. कुणाच्या तरी हाती पाठवा."

ताईने पाठवल्या.