एका रद्द खोलीसाठी तीन मॉड्यूल

खोली रद्द करण्याचा एकच नियम बदलायचा होता. त्याची खरी किंमत: प्रोग्रामचे तीन वेगळे भाग, म्हणजे तीन मॉड्यूल, बदलणं भाग होतं, आणि आज सकाळी खंडाळ्याच्या हॉटेलात एका खोलीसाठी दोन कुटुंबं हमरीतुमरीवर आली.

मंडळी, बुकिंगचा प्रोग्राम आमचाच. हॉटेलवाल्या मावशींचा फोन आला, "भाऊ, एक खोली तुमी दोघांना इकली. आता कुणाला भाईर काढू?"

मांडणी करणारा आमचा डिझायनर तरीही ऐटीत. "सगळे स्क्रीन एका मॉड्यूलमध्ये, नियम दुसऱ्यात, डेटा तिसऱ्यात. इतकी स्वच्छ रचना सबंध मावळात दाखवा!"

मी म्हणालो, "साहेब, घरी सगळे डबे एका फळीवर आणि सगळी झाकणं दुसऱ्या फळीवर ठेवता का? दोन मॉड्यूल बदललीत, तिसरं विसरलात, म्हणून खोली दोनदा विकली गेली."

"पुस्तकात असंच आहे."

"मग पुस्तक घेऊन मावशींच्या काउंटरवर उभे राहा."

दुपारी रद्द करण्याचे सगळे क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, मी एकाच मॉड्यूलमध्ये आणले. जे एकत्र बदलतं, ते एकत्र ठेवायचं. एवढं साधं कुणाला समजावताना तुमचंही डोकं फिरतं का?

संध्याकाळी मी मावशींना फुशारकीने सांगितलं, "आता अशी चूक पुन्हा होणार नाही."

"व्हय, न्हाई व्हणार," त्या म्हणाल्या. "सकाळपासनं आमी वहीत लिवतोय."