युनिव्हर्सिटीचं बिऱ्हाड

घर बदलताना कपाटामागून काय काय निघतं, ते ज्यानं घर बदललंय त्यालाच माहीत. आमच्या सुरतच्या युनिव्हर्सिटीनं वेबसाइटी बदलल्या, तेव्हा तसंच झालं. प्रत्येक विभागाची, हॉस्टेलची, लायब्ररीची वेगळी साइट. कुणाची भाच्यानं केलेली, कुणाची जावयानं. त्या सगळ्या उचलून एकाच नव्या सिस्टिमवर आणायच्या होत्या. काम आलं कॉम्प्युटर सेंटरचे आमचे साहेब जिग्नेशभाई आणि मी, अशा दोघांवर. साइटी हलल्या, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले.

*

केमिस्ट्रीच्या साइटवर वर एक लाल ओळ सरकत असायची, 'आपले स्वागत आहे'. नव्या सिस्टिममध्ये काहीच सरकत नाही. विभागप्रमुखांना हे मान्य नव्हतं. ओळ थांबली की विभाग बंद पडल्यासारखा वाटेल, असं त्यांचं म्हणणं. जिग्नेशभाईंनी शांतपणे समजावलं. विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "बाजूच्या फिजिक्सचीही थांबणार का?"

थांबणार, म्हटलं.

"मग आधी त्यांची थांबवा."

*

प्राध्यापकांचे नवे फोटो मागवले, तर संस्कृतच्या सरांनी तिशीतला फोटो पाठवला. काळेभोर केस, कानाखालपर्यंत कल्ले. सर पुढच्या वर्षी रिटायर होणार. मी भीत भीत फोन केला, की सर, हल्लीचा एखादा मिळेल का?

"वैशालीबेन," सर म्हणाले, "जे मला ओळखतात ते रोज बघतातच. फोटो बाकीच्यांसाठी आहे."

तोच लावला.

*

हॉस्टेलच्या साइटवर मेसचा मेनू होता, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेला. जुनं सामान म्हणून मी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेसमध्ये रांधणाऱ्या महाराजांचा फोन. आवाज घाबराघुबरा. मोबाइलवर मेनू दिसत नाहीये, मग आज करायचं काय?

मुलं दरवर्षी बुधवारच्या कारल्याविरुद्ध अर्ज द्यायची, वॉर्डन मंजूरही करायचे. पण साइट कुणी बदलली नव्हती, आणि महाराज साइट बघून रांधत होते.

*

घरी, डिंडोलीला, मी रोज दमून यायची. एकदा आईनं विचारलं, तेव्हा सांगितलं की युनिव्हर्सिटीचं बिऱ्हाड हलवतोय, अजून निम्मंही झालं नाही. वडील लूमवर कामाला लागले तेव्हा आई धुळ्याहून टेम्पोत बसून सुरतेला आली होती. तिनं पोळी उलटली आणि म्हणाली, "आपलं तं एक दिवसमा हालनं व्हतं."

*

शेवटी राहिली पत्रव्यवहारानं शिकवणाऱ्या विभागाची साइट. तपासताना लक्षात आलं, की चौकशीच्या नंबरात एक आकडा चुकलाय. मी तो चुकीचा नंबर लावून बघितला. उचलला सुरतेजवळच्या सचिन गावात राहणाऱ्या कमलताईंनी. नवरा तिथल्याच मिलमध्ये शिफ्टला, मुलं लग्न होऊन पांगलेली. त्या मराठीत बोलायला लागल्या, तसा मला धीर आला.

इतकी वर्षं ॲडमिशनचे फोन त्यांच्याकडेच येत होते. पहिल्यांदा त्या राँग नंबर म्हणून ठेवून द्यायच्या. मग एक दिवस एक बाई फोनवर रडायलाच लागली, की आता या वयात मला घेतील का? तेव्हापासून त्या ठेवत नाहीत. फॉर्म कुठे मिळतो, ते त्यांनी जाऊन विचारून घेतलं. कुणी कचरलं, तर समजूत घालतात.

मी मनापासून माफी मागितली. सांगितलं, की आज संध्याकाळी जुनी साइट बंद होतेय, आता तुम्हाला त्रास होणार नाही.

त्या म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत राहू द्याल का? एक पोरगी आहे. बाप नाही म्हणतोय, ती परत विचारून फोन करते म्हणालीय. शेजारणीच्या मोबाइलवरून करते, नंबर साइटवरच बघते."

मी जिग्नेशभाईंना सांगितलं. वरून रोज विचारणा होत होती, काम संपलं का म्हणून. तरी त्या संध्याकाळी साइट बंद झाली नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः कमलताईंना फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग फोन ठेवून चष्मा पुसला.

"वैशालीबेन," म्हणाले, "पोरीचा फोन आला, बाप हो म्हणाला. आता करा बंद."