आठ मिलिमीटर जास्त

काकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती वाकवून पाहत. मुलांची पट्टी, सरांचं पेन, कँटीनमधला चमचा, काहीही. वस्तू कानाजवळ धरून ते तिला हळूहळू वाकवत, आणि निम्म्या वेळा ती दोन तुकडे होऊनच परत येई. कोणी कुरकुर केली तर शांतपणे म्हणत, "तोडल्याबिगर कसं समजन, कुठं कच्ची होती ते?"

भिलाईतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते वर्कशॉपमध्ये कंत्राटी मदतनीस होते. त्याआधीची सगळी नोकरी तिथल्या पोलादाच्या प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवण्यात गेलेली. म्हणून ते सगळ्यांचे पॅटर्नकाका. घर खुर्सीपारला, मूळ गाव भंडाऱ्याकडे. मी पहिल्यांदा त्यांच्याशी हिंदीत बोलले, तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि म्हणाले, "घरी मराठी बोलते ना तू? मंग इथं कावून लाजून राहिली?" पुढे वर्कशॉपात मी हिंदीतून त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

रायपूरच्या एका कॉलेजात दरवर्षी स्पर्धा व्हायची. बाल्साच्या हलक्या लाकडाची एक भुजा बनवायची. तिचं एक टोक उभ्या फळीत घट्ट बसवलेलं, दुसरं हवेत; यालाच कँटिलिव्हर म्हणतात. मोकळ्या टोकाला बादली टांगायची आणि वाळू भरत जायची. स्वतःच्या वजनाच्या मानाने जी जास्त भार पेलेल ती जिंकणार. बाल्सा पहिल्यांदा हातात घेऊन काका म्हणाले, हे लाकूड आहे का पापड. पण आठवड्याभरात ते त्या पापडाच्या प्रेमात पडले. नखाने टिचक्या मारून पट्ट्या निवडत. सरळ रेषांच्या पट्ट्या वरच्या अंगाला, कारण तिथे ताण; ताठ पट्ट्या खाली, कारण तिथे दाब. सांध्यावरचा जादा गोंद बोटाने पुसून घेत आणि ते बोट पॅंटला. त्यांच्या पॅंटवर वर्षभराचा गोंद असायचा.

आमच्या विभागप्रमुखांना हे खपत नव्हतं. कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्या मुलांना सुताराने शिकवायचं म्हणजे काय? आदल्या वर्षीचं मॉडेल लवकर मोडलं, त्याचं खापरही त्यांनी काकांवर फोडलं होतं. यंदा मॉडेलमध्ये काही चूक निघाली तर काकांचं कंत्राट संपलं, हे त्यांनी आमच्या टीमच्या चौघींसमोरच सांगितलं. काका तेव्हा एक पट्टी वाकवत होते. ते वाकवत राहिले.

आणि चूक निघाली. रायपूरला निघायच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख सरांनी मोजमाप घेतलं. भुजा चाळीस सेंटीमीटर हवी होती, ती आठ मिलिमीटर जास्त भरली. काकांनी खिशातून आपली पट्टी काढली, पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. ती पॅटर्न शॉपची पट्टी होती. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी त्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटीमीटरच मुळात थोडा मोठा असतो. आयुष्यभर त्याच पट्टीने मोजलेल्या हाताने सवयीने तीच उचलली होती. जास्त लांबी नियमात चालत होती, पण भार तितका लांब जाणार, म्हणजे भुजेला तितका जड. टोक कापावं, तर तिथला सांधाच जाणार.

सर म्हणाले, हे ठेवा, दुसऱ्या टीमचं मॉडेल जाईल. काका म्हणाले, "माही चूक आहे, सर. मले काढा. पण तिले कापू नका, अन् घरी बी ठेवू नका. लांब झाली म्हणून काय झालं? उचलन ते."

टीमची प्रमुख मी होते. मी म्हणाले, हेच न्यायचं. सरांनी मॉडेल माझ्यासमोर सरकवलं.

काकांना यायची परवानगी नव्हती. ते भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवरून स्वतःच्या तिकिटाने आले आणि प्रेक्षकांत मागे उभे राहिले. आमची भुजा वाकली, पण धरून राहिली. तोपर्यंतच्या सगळ्या मॉडेलांच्या पुढे गेल्यावर परीक्षक म्हणाले, थांबायचं तर थांबा, मॉडेल शाबूत घरी न्या. मागून आवाज आला, "भर, बाई. कुठून तुटते ते पाहू." मी वाळू भरत राहिले. ती तुटली तेव्हा काकांनी इथून तुटेल म्हणून पेन्सिलने जिथे बारीक फुली मारून ठेवली होती, तिथून फक्त एक बोट अलीकडे तुटली होती. आम्ही पहिल्या आलो. त्या एका बोटासाठी काका परतीच्या गाडीत भिलाईपर्यंत रुसून बसले होते.

करंडक विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेला. काकांचं कंत्राट त्या वर्षी तरीही वाढलं नाही. मला अजून त्याचा राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही. मग आम्ही मॉडेलं घेऊन खुर्सीपारला जाऊ लागलो. त्यांच्या ओसरीवर बादली टांगली गेली, आणि काकू म्हणायच्या की आता आमच्या घरात एक चमचा सरळ राहिला नाही.

काका गेले त्याला तीन वर्षं झाली. दहाव्याला काकूंनी ती पट्टी माझ्या हातात ठेवली. आज त्याच वर्कशॉपमध्ये मी शिकवते. सरावाचं पहिलं मॉडेल माझी मुलं त्याच पट्टीने मोजतात. मॅडम, ही पट्टी चुकीची आहे, असं दरवर्षी कोणी ना कोणी सांगतंच. मी सांगते, माहीत आहे. ही काकांची चूक आहे, आणि ती या वर्कशॉपमधून कोणी काढणार नाही.