दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी वह्या पुष्कळ जप्त केल्या. वाळूवाल्यांच्या, सावकारांच्या, मटकेवाल्यांच्या. बहुतेक विसरून गेलो. एक दोनशे पानी वही मात्र अजून मनातून जात नाही. ती आठवली की आधी एप्रिलमधली दुपार आठवते. ठाण्याच्या आवारातला लिंब, खिडकीतून आत येणारी त्याची हलती सावली, पंख्याखाली पेंगणारा ठाणे अंमलदार. आणि बाकावर खाली मान घालून लिहीत बसलेला बी.एस्सी.चा एक विद्यार्थी.

त्या वेळी मी तुळजापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती दीड वर्षावर आली होती आणि जाता जाता एखादी मोठी टोळी उघडकीस आणावी, पेपरात फोटो यावा, अशी हाव मला सुटली होती. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचा घोळ त्या हावेनेच झाला.

आमचा एक खबऱ्या होता. धंद्याने न्हावी, त्यामुळे बातम्या त्याच्याकडे आपसूक चालत यायच्या. एक दिवस माझी दाढी करता करता तो म्हणाला, "सायब, अणदूरकडं आकड्याचा अड्डा चालतोय, ते तुमाला ठावं असंल. पण आता तिथं सपानवाला आलाय. कॉलेजचं पोरगं हाय. सकाळी त्याचा आकडा आला की लोक लावायला पळत्यात. लई नाद लागलाय लोकांना."

मटका खेळणाऱ्यांत स्वप्नाला फार मान असतो. साप दिसला तर अमुक आकडा, वरात दिसली तर तमुक, हे कोष्टक त्यांना पाठ असतं. मी ते ऐकून होतो, पण स्वप्न पाहणारा नेमलेला माणूस प्रथमच ऐकत होतो. बातमी डायरीला घेतली, दोन पंच बोलावले आणि भर दुपारी एका हॉटेलामागच्या पत्र्याच्या शेडवर छापा घातला. तिघे सापडले. चिठ्ठ्या, मोबाईल, रोख असा नेहमीचा मुद्देमाल निघाला. अड्डा चालवणारा इसम मुकाट्याने सगळं काढून देत होता. फक्त एका वहीला हात लावला तेव्हा तो कळवळून बोलला, "सायब, बाकी समदं न्या. ती वही तेवढी ठिवा. देवाची हाय ती."

जुगाराच्या अड्ड्यावर देवाची वही! माझे कान टवकारले.

ठाण्यात येऊन वही उघडली. पुढच्या बाजूने गणित होतं, शेवटच्या वर्षाचं. अक्षर सुबक, उत्तरांखाली लाल शाईच्या रेघा. उलटी करून मागून उघडली तर प्रत्येक पानावर तारीख, दोन-तीन ओळी आणि शेवटी एक आकडा. 'तळ्यात पांढरी घोडी उभी. पाणी गुडघ्याएवढं. पीत नाही. ४.' दुसऱ्या पानावर, 'आजा मेंढरांना नावानं हाका मारतोय. शेवटी माझं नाव घेतलं. ७.' काही पानांवर आकड्याशेजारी बरोबरची खूण होती. गणित पुढून येत येत एका उदाहरणाच्या अर्ध्यात थांबलं होतं. मागची बाजू मात्र रोज एक पान पुढे सरकत होती. दोन्हींच्या मध्ये अकरा पानं कोरी उरली होती.

आमचे हवालदार जुने आणि सगळ्या विषयांतले जाणकार. त्यांनी पाहताक्षणी निकाल दिला, "साहेब, ही सांकेतिक भाषा. घोडी म्हणजे गाडी. तळं म्हणजे नळदुर्गचं धरण. मेंढरं म्हणजे गिऱ्हाईक." खबऱ्याचा 'सपानवाला' म्हणजे टोळीने पांघरलेलं सोंग, असं मी धरलं. मला ते पटलं, कारण मला ते पटायलाच हवं होतं. मी जिल्ह्याला फोन करून 'आंतरराज्य टोळी असावी' असंही सांगून बसलो. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे ते ऐकायलाही बरं वाटलं. दोन दिवस आम्ही त्या वहीतल्या घोड्या, विहिरी आणि पक्षी यांच्या मागावर होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून खुर्चीत जरा डोळा लागला होता. जाग आल्यावर वही समोरच होती, म्हणून सहज चाळली. हिवाळ्यातल्या काही तारखांपुढे ओळी नव्हत्या, आकडाही नव्हता. नुसतं 'नाही', 'नाही', 'नाही'. जवळजवळ दोन महिने हेच. कुठली टोळी दोन महिने धंदा बंद ठेवते? मग तारखा नीट पाहिल्या आणि मी ताडकन उठलो. त्या तारखा मला पाठ होत्या. आमच्या भागातला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. देवाच्या येण्याजाण्याच्या पालखीला बंदोबस्त मीच लावला होता. देव गावातून गेला त्या दिवसापासून वहीत 'नाही' सुरू झालं होतं आणि देव परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात पुन्हा पांढरी घोडी उभी राहिली होती.

ही टोळीची भाषा नव्हती. कुणाला तरी खरोखर स्वप्नं पडत होती.

अड्डेवाल्याने नाव सांगितलं. मुलाला नोटीस पाठवून बोलावलं. तो वडिलांबरोबर आला. वडील मेंढपाळ, खांद्यावर घोंगडं, उन्हानं रापलेला चेहरा. पोरगा उंच, किडकिडीत, डोळे सुजलेले, जणू नुकताच झोपेतून उठवून आणला होता. आठ दिवसांवर त्याची परीक्षा आली होती. वडील दाराशीच हात जोडून उभे राहिले. मी त्यांना खुर्ची दिली.

"सायब, त्यानं चोरी न्हाय केली," वडील म्हणाले. "आमच्या घराला सपान पडतंय. माझ्या बाला पडायचं. मेंढरं कुठं न्यावी, कुठं पाणी घावंल, समदं सपनात कळायचं त्याला. म्हातारा सकाळी उठला की चुलीपाशी बसून आख्खं सपान सांगायचा. आमी समदे ऐकायचो. त्यो गेला अन् हे ह्याच्यात आलं. बाच्या घोंगड्यावर निजला की देव येतोय ह्याच्या सपनात."

"देव मटक्याचा आकडा सांगतो?" मी विचारलं.

वडिलांनी मान खाली घातली. आकडा कशाचा, ते त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

पोरगा आधी काहीच बोलेना. माझा अनुभव असा, की धमकावलेला माणूस खोटं बोलतो आणि ज्याच्या बोलण्याची वाट पाहिली तो खरं. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. लिंबाची सावली टेबलावरून सरकत सरकत त्याच्या हातापर्यंत गेली, तेव्हा तो बोलू लागला. पहिल्यांदा गंमत म्हणून मित्राला आकडा सांगितला, तो लागला. मग स्वतः खेळला. अड्डेवाल्याने त्याला फुकट खेळायची मुभा दिली, फक्त गिऱ्हाईक ओढायला आकडा रोज आधी त्याला कळवायचा. वहीही त्यानेच ठेवून घेतली. रोज सकाळी पोराने जायचं, तिच्यात लिहायचं आणि घरी परत यायचं.

"कॉलेज?"

"जायाचो आधी. पण सपान पडायला निजावं लागतंय, सायब. आकडा लागला की दोन दिवस डोकं शांत ऱ्हातं. न्हाय लागला की कधी एकदा निजतो असं व्हतं. सकाळी निजतो, दुपारी निजतो. पुस्तक उघडलं की वाटतं, हा वेळ वाया चाललाय. एक मोठा आकडा लागला की एम.एस्सी.ला पुण्याला जायाचं अन् हे सोडायचं, असं ठरीवलंय."

"किती दिवसांपासून ठरवलंयस?"

तो थोडा हसला. "लई दिवस झाले."

माझ्या नोकरीत दारू, बाई, भांडणं यांच्या पायी वाया गेलेली पोरं मी पाहिली होती. झोपून वाया चाललेला हा पहिलाच. त्याचा मला राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. अभ्यास आणि आकडा यांत काय निवडायचं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. आकडा हीच अभ्यासाकडे जायची वाट, असं त्याने मनाशी धरलं होतं आणि त्या वाटेवर तो रोज गाढ झोपत होता.

मी वही उघडली आणि मागच्या बाजूने मोठ्याने वाचू लागलो. आकडे गाळून, नुसती स्वप्नं. वडील कान देऊन ऐकत होते. घोडी झाली, विहीर झाली. मग एक पान आलं, 'मोठा काळा फळा. समोर मेंढरं ओळीनं बसलीत, माझ्याकडं बघतात. मला खडू सापडत नाही.' पुढच्या आठवड्यात पुन्हा फळा. कधी मेंढरं, कधी पोरं, एकदा आजा पहिल्या बाकावर. खडू कधीच सापडत नव्हता. मी पानं मोजली. नऊ वेळा तेच स्वप्न आणि नऊही वेळा त्याने त्याखाली शून्य लिहून अड्ड्यावर दिलं होतं.

"फळ्याचा आकडा शून्य?"

"कोष्टकात काळ्या वस्तूला शून्य हाय," तो पुटपुटला.

वडील खुर्चीतून अर्धवट उठले. "हे सपान तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"न्हाय सांगितलं, आबा."

"म्हातारा आख्खं सांगायचा. तू निस्ता आकडा सांगत व्हतास?"

पोरगा टेबलावर डोकं टेकून रडला. माझ्या सगळ्या चौकशीतून जे निघालं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने निघालं.

तो छाप्याच्या वेळी हजर नव्हता, त्याच्याकडे चिठ्ठी सापडली नव्हती. गुन्हा दाखल झाला असता तर पुढे चारित्र्य पडताळणीत त्याचं नाव कायमचं अडकलं असतं. पण मी मेहेरबानी केली असं नाही. तो साक्षीदार होता. मी त्याला सांगितलं, अड्डेवाल्याविरुद्ध जबाब द्यावा लागेल आणि आकडे देवाचे नव्हते, तुझे होते, हेही त्यात लिहावं लागेल. ज्या गावात लोक त्याच्या आकड्यासाठी सकाळी अड्ड्यावर उभे राहत होते, तिथे हे सांगणं सोपं नव्हतं. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "लिव्ह." मग त्याने सही केली.

जाताना तो दारात थांबला. "सायब, वही मिळंल का? पुढल्या बाजूला माझं गणित हाय. परीक्षेला दुसरं काय न्हाय माझ्यापाशी."

मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. त्या पानांच्या झेरॉक्स काढून देणं मात्र पाच मिनिटांचं काम होतं. मी मुद्दाम तसं केलं नाही. "उद्यापासून दुपारी ये. इथं बसून हातानं उतरवून घे," म्हणालो.

तो आला. चार दिवस दुपारी बारा ते पाच, मुद्देमाल कारकुनाच्या नजरेखाली. पहिल्या दिवशी त्याला दोनदा झोप लागली. दुसऱ्या दिवशी एकदा. मी केबिनमधून पाहत होतो. माझी भीती वेगळीच होती. वही तीच, बाजू फक्त उलटी करायची खोटी. चौथ्या दिवशी त्याचं पुढल्या बाजूचं गणित संपलं, कोरी पानं लागली. तो थांबला आणि त्या पानांवरून बोट फिरवू लागला.

नेमके तेव्हाच आमचे हवालदार त्याच्या बाकावर टेकले. दोन दिवस सांकेतिक भाषा फोडणारा हा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "गड्या, पहाटं मला हत्ती दिसला. सोंड वर केलेला. काय धरायचं?"

मी उठलोच होतो. पोराने वही मिटली आणि कारकुनाच्या टेबलावर ठेवली.

"हत्ती दिसला ना, मामा? मंग हत्तीच दिसला," तो म्हणाला. "कसा होता, सांगा की."

हवालदार आधी ओशाळले आणि मग खरंच सांगत बसले. हत्ती कुठून आला, कुणाच्या दारात थांबला, त्यांची वारलेली आई त्याला भाकरी देत होती. सांगता सांगता त्या मिशाळ माणसाचे डोळे भरून आले.

जिल्ह्याला पुन्हा फोन करून 'टोळी नाही, साधा अड्डा आहे' हे सांगताना मला चांगलीच बोलणी खावी लागली. ती मीच ओढवून घेतलेली होती. त्या पोराला मी काय नावं ठेवणार? त्याने स्वप्नांत आकडे शोधले आणि मी त्याच वहीत माझा फोटो शोधत होतो. समोर जे लिहिलंय ते तसंच वाचायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. नंतरच्या दीड वर्षात मी आरोपीला किती, कुठं, केव्हा हे विचारायच्या आधी थोडा वेळ नुसतं बोलू देऊ लागलो. फार उशिरा शिकलो, पण शिकलो.

निवृत्तीनंतर एकदा अणदूरच्या बाजारात त्या पोराचा म्हातारा बाप भेटला. त्यानेच ओळखलं. पोरगा त्या वर्षी एका विषयात गेला, पुढच्या खेपेला सुटला. आता एम.एस्सी. करता करता मुरुमला गणिताची शिकवणी घेतो, शनिवार-रविवार घरी येतो. मी न राहवून विचारलं, "आणि स्वप्नं? पडतात का अजून?"

"पडत्यात की," म्हातारा म्हणाला. "घरी आला की सकाळी चुलीपाशी बसून आख्खं सांगतो. आमी ऐकतो. मंग चहा पिऊन ज्याच्या त्याच्या कामाला जातो."